चष्मा कामगाराच्या डोळ्यांवर, नजर कोणाची?

२०२५ हे वर्ष बीड जिल्ह्याला दोन मोठ्या बातम्या देऊन गेले. ज्या रेल्वेची वाट पाहता पाहता या जिल्ह्याच्या दोन-तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, ती रेल्वे १७ सप्टेंबर रोजी बीड-अहिल्यानगर मार्गावर एकदाची धावली. आणि त्याच वर्षी टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने सुमारे १९१ कोटी रुपये खर्चाचे नवतंत्रज्ञान प्रशिक्षण केंद्र बीडसाठी मंजूर झाल्याचे जाहीर झाले. यंत्रमानव, संगणकीकृत यंत्रे, आभासी वास्तव असे शब्द त्या निमित्ताने जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत प्रथमच एवढ्या मोठ्या अक्षरांत झळकले. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावापर्यंत हे शब्द जेव्हा पोहोचतात, तेव्हा तिथे त्यांचा काय अर्थ लावला जातो, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला आमच्या वाचनात आला नाही. दसरा-दिवाळीनंतर ज्या तालुक्यातून कोयता आणि बिऱ्हाड गाडीत घालून माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या तालुक्यातील मुलाच्या डोळ्यांवर उद्या एक किमती चष्मा चढणार आहे. त्या चष्म्यातून त्याला काय दिसणार, आणि त्या चष्म्यातून त्याच्याकडे कोण पाहणार, या दोन प्रश्नांसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हा चष्मा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. त्याला मिक्स्ड रिॲलिटी, म्हणजे मिश्र वास्तव, असे नाव आहे. १९९४ साली मिलग्राम आणि किशिनो या दोन संशोधकांनी एका निबंधात या शब्दाची मांडणी केली. एका टोकाला आपले रोजचे जग, दुसऱ्या टोकाला सर्वस्वी संगणकाने उभे केलेले जग, आणि या दोहोंमधला जो पट्टा, तो मिश्र वास्तवाचा. त्याआधी, १९९२ मध्ये, अमेरिकेतील बोईंग या विमान कंपनीच्या दोघा तंत्रज्ञांनी विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगाराला डोळ्यांसमोरच आराखडा दाखवण्याची कल्पना मांडली होती. या विद्येचा जन्म असा करमणुकीच्या दुकानात झालेला नसून कामगाराच्या टेबलापाशी झालेला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चष्म्यावरील कॅमेरे खोलीचे मोजमाप घेतात. भिंत कुठे, टेबल कुठे, यंत्राचा हात कुठे, हे संगणकाला कळते. मग यंत्रमानव पुढच्या क्षणी हात कुठे नेणार आहे, ती वाट रंगीत रेषेने हवेत उमटते आणि त्याच्या पल्ल्यात येणारी जमीन लाल दिसू लागते. यंत्र अजून हललेलेही नसते, परंतु त्याचा बेत माणसाला कळलेला असतो. २०१७ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात याचा प्रयोग झाला. यंत्राचा हात समोरच्या ठोकळ्यांवर आदळेल की नाही, हे लोकांना ओळखायला सांगितले. साध्या पडद्यावर पाहणाऱ्यांपेक्षा चष्मा घालून पाहणाऱ्यांचे उत्तर १६ टक्क्यांनी अधिक अचूक आले आणि त्यांना वेळ ६२ टक्क्यांनी कमी लागला. एका प्रयोगावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण दिशा कळते.

याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज अशी की, यंत्रमानव हा फार अबोल सोबती आहे. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायकोचा कोयता चालतो. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते. कोयता कधी वर जाणार, पाऊल कुठे पडणार, हे बोलल्यावाचून दोघांना कळते. खांदा हलतो, मान वळते, श्वास बदलतो, त्यावरून कळते. बैलसुद्धा जू ओढण्यापूर्वी अंगाची चुणूक देतो. यंत्रमानव काहीच देत नाही. तो थांबलेला आहे की क्षणभर विसावला आहे, हे त्याच्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेतील फ्लॅट रॉक येथील मोटार-ओतकामाच्या कारखान्यात सुटे भाग काढायला मांडणीवर चढलेल्या कामगाराला यंत्राच्या हाताचा मागून तडाखा बसून तो मरण पावला. १९८१ मध्ये जपानातील आकाशी येथे, यंत्र पूर्णपणे बंद न होता कुंपणापलीकडे गेलेला दुरुस्ती-कामगार असाच गेला. २०१५ मध्ये जर्मनीतील बाउनाताल येथे यंत्र बसवणारा एक तरुण, आणि त्याच वर्षी आपल्या हरियाणातील मानेसर येथे, सरकलेला पत्रा नीट करायला गेलेला एक तरुण, यंत्रमानवाच्या हातून मारला गेला. या चौघांपैकी कोणी साहस करायला गेला नव्हता. चौघेही कामच करीत होते.

आणि हे यंत्र आता दूरचे राहिलेले नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीनुसार २०२३ या एका वर्षात भारतीय कारखान्यांत ८,५१० यंत्रमानव बसवले गेले. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तर २०१० सालापासून, पिंजऱ्याविना माणसाशेजारी उभे राहणारे ‘कोबॉट’ काम करीत आहेत. चाकण, वाळूज, शेंद्रा ही नावे गेवराई तालुक्यातील आयटीआय झालेल्या मुलाला परकी नाहीत. तेव्हा यंत्रमानव नको, चष्मा नको, अशी आमची भूमिका नाही. जो चष्मा यंत्राचा बेत माणसाला आधी दाखवतो, तो आम्हाला हवाच आहे. आमचे भांडण आहे ते या चष्म्याच्या नावाने जे तीन गैरसमज पसरवले जातात, त्यांच्याशी.

पहिला गैरसमज असा की, चष्मा आला म्हणजे सुरक्षितता आली. हे धादांत चूक आहे. सुरक्षेचे शास्त्र एक साधी उतरंड सांगते: आधी धोकाच काढून टाका, तो निघत नसेल तर त्याला कुंपण घाला, तेही पुरत नसेल तरच इशाऱ्यावर विसंबा. चष्मा हा इशारा आहे. तो कुंपणाची जागा घेऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स-२ हा या जातीतला नावाजलेला चष्मा; त्याचे वजन ५६६ ग्रॅम, त्याची बॅटरी सलग वापरात दोन-तीन तास टिकणारी, आणि त्यातील चित्र दिसण्याचा आवाका कर्णाने ५२ अंशांचा. आता आठ तासांची पाळी करणाऱ्याने उरलेल्या पाच तासांत काय करावे? आणि ज्याला चष्म्याची सवय झाली, तो डोळ्याच्या कडेला लाल रंग दिसत नाही म्हणून धोका नाही असे समजणार. परंतु रंग दिसत नाही याचे कारण एवढेच असू शकते की, चित्राची चौकट तिथवर पोहोचत नाही. खोटा निर्धास्तपणा हा अज्ञानापेक्षा घातक असतो.

शिवाय आपल्याकडे हात तुटतात ते कोठे? सेफ इन इंडिया या संस्थेने २०१९ पासून वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील अपघातांवर अहवाल प्रसिद्ध केले आहेत. त्यांतून पुन्हा पुन्हा जे यंत्र समोर येते ते यंत्रमानव नव्हे, ती जुनी पॉवर प्रेस आहे. आणि बोटे जातात ती बहुतांशी परगावाहून आलेल्या, कंत्राटी, कमी शिकलेल्या कामगारांची. प्रेससमोर हात आला की यंत्र थांबवणारा सेन्सर ही काही नवलाईची वस्तू नव्हे. तो नसतो, किंवा असला तरी उत्पादन वाढावे म्हणून बंद ठेवलेला असतो. यंत्राचे धोक्याचे भाग कुंपणबंद असावेत असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २१ वे कलम सांगत आले. त्या अधिनियमाची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि विजेवर चालणारा उद्योग ‘कारखाना’ ठरण्यासाठी कामगारांची किमान संख्या १० वरून २० वर गेली. म्हणजे ज्या लहान गाळ्यांत बोटे सर्वाधिक धोक्यात, त्यांतील कितीतरी गाळे या व्याख्येबाहेर पडणार. आणि दुसरीकडे प्रदर्शनांत मंत्रिमहोदयांच्या डोळ्यांवर चष्मा चढवून छायाचित्रे काढली जाणार! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही म्हण आमच्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

दुसरा गैरसमज असा की, महागडी उपकरणे आणली म्हणजे कौशल्य आपोआप येते. गूगलने कारखान्यांसाठी काढलेल्या आपल्या चष्म्याची विक्री २०२३ च्या मार्चमध्ये थांबवली. वर सांगितलेल्या होलोलेन्स-२ चे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. ज्या प्रशिक्षण संस्थांनी आपला सारा अभ्यासक्रम या एकाच चष्म्यावर उभा केला असेल, त्यांच्या हाती आता काय उरले? खेड्यापाड्यांतील शाळांत संगणक आले, त्यांवर प्लास्टिकची आवरणे चढली, खोलीला कुलूप लागले आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली, हा इतिहास फार जुना नाही. उपकरणासाठी निधी मिळतो; शिक्षकासाठी मिळत नाही. उपकरणाचे उद्घाटन होते. शिक्षकाच्या नेमणुकीचे होत नाही.

म्हणून बीडच्या केंद्राबाबत आमचे पहिले म्हणणे असे की, तिथे एका कंपनीच्या एका उपकरणाचे बटण दाबायला शिकवू नका. यंत्राचा हात किती दूर पोहोचतो, त्याला किती ओझे पेलते, तो किती वेगाने थांबतो, कोबॉटचा धक्का माणसाच्या शरीराच्या कोणत्या भागाला किती सोसतो याची मर्यादा २०१६ च्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवजात कशी घालून दिली आहे, हे शिकवा. चष्मे बदलतील, हे ज्ञान बदलणार नाही. आणि हे सारे मराठीत शिकवा. धोक्याच्या क्षणी माणूस आईच्या भाषेत विचार करतो. चष्म्यातील लाल पट्टीवर इंग्रजी अक्षरे उमटली, तर ती वाचून अर्थ लावण्यात जो अर्धा क्षण जातो, तेवढ्यात यंत्राचा हात आपले काम करून मोकळा होतो.

तिसरा गैरसमज सर्वांत धूर्त आहे. चष्मा म्हणजे केवळ कामगाराने पाहण्याचे साधन, असे आपल्याला सांगितले जाते. परंतु हा चष्मा दोन्हीकडून पाहतो. त्याला हात कुठे आहेत हे कळावे लागते, म्हणून तो हात टिपतो. नजर कुठे आहे हे कळावे म्हणून तो बुबुळे टिपतो. ज्या नोंदीतून यंत्राची वाट कामगाराला दाखवता येते, त्याच नोंदीतून कामगार किती वेळ थबकला, कितीदा दुसरीकडे पाहिले, कोणत्या तासाला त्याचा हात मंदावला, हे मालकाच्या पडद्यावर मांडता येते. यंत्राचे मन माणसाला दाखवण्यासाठी निघालेली विद्या, माणसाचे मन मालकाला दाखवण्यासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कोणी दिली आहे?

कायद्याने तर दिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या सातव्या कलमात, वेगळी संमती न घेता माहिती वापरण्याच्या ज्या सवलती आहेत, त्यांत नोकरीच्या कारणासाठी, तसेच मालकाला नुकसानीपासून किंवा दायित्वापासून वाचवण्यासाठी, अशीही एक सवलत आहे. या सवलतीचा अर्थ किती ताणला जाईल, हे न्यायालये ठरवतील तेव्हा ठरवोत. तोवर चष्मा घालणाऱ्याचा बचाव करणारा कोण?

बीडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली उचल आणि हंगामभर तिचा होणारा हिशेब यांत त्याचे आयुष्य गेले आहे. वही मुकादमाच्या हाती असते, वजनाचा काटा कारखान्याच्या दारी असतो, आणि जो घाम गाळतो त्याच्या हाती नोंद कधीच नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जिथे एका दिवसाचा खाडा म्हणजे दंड, तिथे शरीरच कामाच्या सोयीनुसार कापून घेतले जाते, हे त्या आकड्याने साऱ्या महाराष्ट्राला सांगितले. उद्याचा चष्मा जर पापणीच्या लवण्यालाही खाडा मानू लागला, तर जुन्या वहीत आणि नव्या पडद्यात फरक तो काय राहिला?

‘रोबोट’ या शब्दाचे मूळही येथे आठवावे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, जमीनदाराच्या शेतात सक्तीने करावे लागणारे काम. वेठबिगारीचे ओझे माणसाच्या खांद्यावरून उतरवून यंत्राच्या खांद्यावर द्यावे, ही यंत्रमानवाची खरी सार्थकता. पण यंत्राच्या गतीला जुंपलेला, यंत्राकडून मोजला जाणारा माणूसच जर वेठीचा धनी होणार असेल, तर तो शब्द उलट फिरून आपल्याकडेच आला असे म्हणावे लागेल.

या विषयात आपल्या श्रद्धेला काही सांगायचे आहे काय? आहे. १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात तंत्रज्ञानाला माणसाचे मित्र म्हटले आहे; आणि हेच मित्र माणसाचे कामातील समाधान आणि जबाबदारी हिरावून घेऊन त्याला आपला गुलाम करते तेव्हा जवळजवळ शत्रू होते, असा इशाराही दिला आहे. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्या शिकवणीचा गाभा. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना १८९१ च्या श्रमिकविषयक परिपत्रकाचे कर्ते लिओ तेरावे यांचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा असल्याचे सांगितले. सुताराच्या घरात ज्यांच्या प्रभूने हत्यारे हाताळली, त्यांना हत्यार कोणाच्या हाती आहे हा प्रश्न गौण वाटता कामा नये.

आता एक आक्षेप आम्ही स्वतःच मांडतो. ‘चाकणच्या यंत्रमानवाची चर्चा चकलांब्याच्या निमित्ताने कशाला? तिथल्या प्रश्नांचे नाव ऊस.’ मान्य. तर मग उसाकडेच येऊ. २०२३ मध्ये राज्य शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना काढली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी ते. लाभार्थी कोण? शेतकरी, उद्योजक, साखर कारखाने, संस्था. ज्याच्या हातचा कोयता हे यंत्र काढून घेणार, त्याचे काय, याचे उत्तर अनुदानाच्या त्या हिशेबात शोधून सापडत नाही. ब्राझीलच्या साव पावलो राज्यात २००२ च्या कायद्याने आणि २००७ च्या कराराने ऊस जाळून तोडण्याची पद्धत संपत गेली, यंत्रे आली आणि हजारो तोडकरी बेकार होऊ लागले. तिथे निदान साखर उत्पादकांच्या संघटनेने कामगार संघटनेला बरोबर घेऊन तोडकऱ्यांनाच यंत्रचालक आणि मेकॅनिक बनवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. सारे तोडकरी त्यात सामावले असे नव्हे. परंतु ज्याचे काम गेले त्याला नव्या कामाचा पहिला हक्क, हे तत्त्व तरी उच्चारले गेले.

मिश्र वास्तवाचा आणि सिम्युलेटरचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो. तोडणीयंत्र फार किमती. ते शिकाऊ माणसाच्या हाती कोणी देत नाही, आणि हाती मिळाल्यावाचून तो शिकत नाही. हे दुष्टचक्र आभासी यंत्रावर तोडता येते. चालकाच्या खुर्चीत बसून, चुका करून, एकही पाते न मोडता तो शिकू शकतो. दहावी सुटलेल्या पोराला आणि फडातील उसाची जात, वळण आणि लवण नजरेने ओळखणाऱ्या त्याच्या बापाला एकाच बाकावर बसवता येते. बापाचे ते ज्ञान यंत्राला उपयोगी आहे. ते वाया घालवणे हा शहाणपणा नव्हे. त्याच्या आईलाही तिथे जागा असली पाहिजे, कारण मोळी बांधणारी बाई चालकाच्या खुर्चीत बसू शकत नाही असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. जिथे यंत्रमानव आणि चष्मा येईल, तिथे कुंपण, सेन्सर आणि थांबवण्याचे लाल बटण आधी आले पाहिजे, आणि ते बटण दाबल्याबद्दल कोणाचीही मजुरी कापली जाता कामा नये. चष्म्याने टिपलेली नजरेची आणि हातांची नोंद सुरक्षेखेरीज कशासाठीही, विशेषतः पगार, बढती किंवा कामावरून काढणे यांसाठी, वापरू नये; ती किती दिवस ठेवणार हे कामगाराला लेखी सांगावे. कायम कामगाराला चष्मा आणि कंत्राटी कामगाराला देवाची कृपा, असा भेद चालणार नाही. प्रशिक्षण मराठीत व्हावे. आणि बीडच्या केंद्रात ऊसतोड कुटुंबांतील मुलामुलींसाठी जागा राखाव्यात, त्या जागांबरोबर वसतिगृहही द्यावे. कारण आईबाप फडावर गेल्यावर मागे राहणाऱ्या पोराला संगणकाच्या आधी भाकरी लागते. अशा मुलांसाठी २०२१ मध्ये शासनाने वसतिगृहांची योजना जाहीर केली आहेच. ती या केंद्राला जोडण्यास अडचण कसली?

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आमची विनंती एवढीच. आपल्या घरातील मुले-मुली आयटीआयत जातात, कारखान्यांत लागतात; आपल्यापैकी काहींचे स्वतःचे गाळे आहेत, काही पर्यवेक्षक आहेत, काही धर्मभगिनी आणि धर्मगुरू तांत्रिक शाळा चालवतात. मुलगा कामावर लागला की आपण पगार विचारतो, पाळी विचारतो, बस कुठून मिळते ते विचारतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: ज्या यंत्राशेजारी तू उभा राहतोस ते थांबवण्याचा अधिकार तुला आहे का? आणि तुझ्या डोळ्यांवर जे चढवले आहे, त्याची नोंद कोण वाचतो? मुलाला उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याने ते आपल्या साहेबाला विचारावे. गाळा ज्यांचा स्वतःचा आहे, त्यांनी हेच दोन प्रश्न आरशासमोर उभे राहून विचारावेत.